सतरा अंकी एक संख्या आणि देवळालीचे एक शिक्षक

इतिहासाच्या शिक्षकाने शाळेच्या स्मरणिकेत गणितावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु संख्यांनाही इतिहास असतो. त्या कोणी लिहिल्या, कशा लिहिल्या, त्यांच्याकडे प्रथम कोणाचे लक्ष गेले, या प्रश्नांची उत्तरे शोधताना इतिहासाचा अभ्यासक सहजच गणिताच्या अंगणात येऊन पोहोचतो. शिवाय ज्या संख्येविषयी येथे लिहावयाचे आहे, तिच्याकडे जगाचे लक्ष वेधणारी व्यक्ती महाराष्ट्रातील एक शाळाशिक्षक होती. आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत तिची ओळख करून देण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून चढत नऊपर्यंत जावे आणि त्याच पायऱ्यांनी उतरत पुन्हा एकावर यावे, अशी तिची रचना आहे. डावीकडून वाचा अथवा उजवीकडून, ती तीच राहते. आपल्या सोलापूरच्या वाचकांना ही रचना अपरिचित वाटू नये. चादरीवरील नक्षी मध्यभागापर्यंत जशी उमलत जाते आणि तेथून उलट क्रमाने मिटत जाते, तशीच ही अंकांची नक्षी आहे. विणकर अशी नक्षी योगायोगावर सोडत नाही. प्रत्येक धाग्याचा क्रम त्याने आधी ठरविलेला असतो. या संख्येतील नक्षीमागेही असाच एक क्रम आहे, आणि तो शोधून काढणे हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

संख्या किती मोठी आहे?

संख्येत एकूण सतरा अंक आहेत. आजच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाईल. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती' या ग्रंथात एकं, दहं, शतं यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी ती नावे येतात. त्या क्रमाने मोजल्यास आपल्या संख्येचा डावीकडील पहिला अंक सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानी बसतो. तेव्हा ती एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म अशी वाचीत जावी लागेल.

मोठ्या संख्यांना नावे देण्याची आवड आपल्या प्राचीन वाङ्मयात पूर्वीपासून दिसते. 'ललितविस्तर' या बौद्ध ग्रंथात गणिती अर्जुन हा सिद्धार्थ बोधिसत्त्वाची परीक्षा घेतो, असा प्रसंग आहे. त्यात कोटीपासून शंभर-शंभरपटीने चढत 'तल्लक्षण' या संख्येपर्यंत गणना जाते. एकावर त्रेपन्न शून्ये, एवढी ती मोठी आहे. तिच्यापुढे आपली सतरा अंकी संख्या लहानच म्हणावी लागेल. तरीही मानवी आयुष्याच्या मापाने ती प्रचंड आहे. दर सेकंदाला एक या गतीने कोणी न थांबता मोजीत राहिले, तर येथपर्यंत पोहोचण्यास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. तीच संख्या पाचवीतला विद्यार्थी अर्ध्या मिनिटात पाटीवर लिहू शकतो. लेखनपद्धतीचे हे सामर्थ्य आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे पाहू.

नक्षीचे कारण

आपली संख्या ही एका अत्यंत साध्या संख्येचा वर्ग आहे. नऊ वेळा एक लिहा : १११११११११. या संख्येस तिनेच गुणा. गुणाकार येतो १२३४५६७८९८७६५४३२१. हे असे का घडते, हे समजण्यासाठी नऊ अंकांचा गुणाकार प्रथम मांडण्याची आवश्यकता नाही. तीन अंकांचा मांडला तरी पुरे.

१११ × १११ म्हणजे पुढील तीन ओळींची बेरीज :

००१११
०१११०
१११००

प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली आहे. आता उभे रकाने पाहा. उजवीकडील पहिल्या रकान्यात एकच एक आहे, दुसऱ्यात दोन, मधल्यात तीन, त्यानंतर पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणून उत्तर १२३२१. ओळी चार केल्या तर मधला रकाना चार एकांचा होईल आणि उत्तर १२३४३२१ येईल. नऊ ओळी मांडल्या की मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि आपली संख्या तयार होते. पायऱ्यांची चढण आणि उतरण ही केवळ सरकत जाणाऱ्या ओळींच्या रकान्यांची उंची आहे.

याच मांडणीतून आणखी एक गोष्ट विनासायास हाती येते. नऊ ओळींत प्रत्येकी नऊ एक, म्हणजे एकूण ८१ एक आपण मांडले. कोणत्याही रकान्यात हातचा आला नाही. म्हणून उत्तरातील सर्व अंकांची बेरीजही ८१ च असली पाहिजे. १ पासून ९ पर्यंतची बेरीज ४५, पुढे ८ पासून १ पर्यंतची बेरीज ३६, दोन्ही मिळून ८१. बेरीज न करताही ती किती येणार, हे आधी सांगता आले. कारण समजले की असे सांगता येते.

दहाव्या पायरीवर काय होते?

एकाच्या वर्गापासून नऊ एकांच्या वर्गापर्यंत ही शिडी निर्दोष चढत जाते : १, १२१, १२३२१, १२३४३२१ आणि पुढे. तेव्हा दहा एक घेतले तर नक्षी आणखी मोठी होईल, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात दहा एकांचा वर्ग असा येतो :

१२३४५६७९००९८७६५४३२१

नक्षी मोडली. डावीकडे सातानंतर एकदम नऊ आला, आठ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्ये अवतरली. कारण पुन्हा रकान्यांतच आहे. मधल्या रकान्यात आता दहा एक जमले. आपल्या लेखनपद्धतीत एका घरात दहा मावत नाहीत. म्हणून तेथे शून्य ठेवून एक हातचा डावीकडे द्यावा लागतो. डावीकडील घरात नऊ होते, हातचा मिळून तेही दहा झाले. तेथेही शून्य राहिले आणि हातचा पुढे गेला. त्यापुढील आठाचे नऊ झाले, आणि हातच्याचा प्रवास तेथे थांबला.

या संख्येतील अंकांची बेरीज किती येईल? मांडलेले एक शंभर आहेत. परंतु प्रत्येक हातच्याच्या वेळी एका घरातील दहा जाऊन शेजारच्या घरात एकच वाढतो, म्हणजे बेरजेतून ९ कमी होतात. हातचे दोन आले, तेव्हा १०० मधून १८ वजा होऊन ८२ उरले पाहिजेत. वाचकांनी वरील अंकांची बेरीज करून खात्री करून घ्यावी.

वर्गात शिकविताना नियम जेथे लागू पडतो तेवढीच उदाहरणे देण्याकडे आपला कल असतो. ज्या ठिकाणी नियम मोडतो, तेथे मात्र मुले खऱ्या अर्थाने विचार करू लागतात. हातचा ही गोष्ट तिसरीत यांत्रिकपणे शिकलेली असते. दहा एकांचा वर्ग केल्यावर ती प्रथमच समजते.

देवळालीचे शिक्षक

नऊ पायऱ्यांच्या या संख्यामालेस 'अद्भुत डेम्लो संख्या' हे नाव देणारे गणिती म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आई लहानपणीच गेली आणि वडिलांनी त्यांना वाढविले. माध्यमिक शिक्षण ठाण्यास आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थी असतानाच, १९२७ मध्ये, त्यांना स्वतंत्र गणिती कार्यासाठी रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे ते शाळाशिक्षक होते.

'डेम्लो' हे नाव परदेशी वाटते, पण ते आपल्या डोंबिवलीचे आहे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील या रेल्वे स्थानकावर असताना त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून स्थानकाच्या त्या काळच्या नावावरून त्यांनी संख्यांचे नामकरण केले. १९३८ मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांचा अद्भुत डेम्लो संख्यांवरील लेख आला, आणि १९४८ मध्ये देवळालीहून या विषयावरील त्यांची पुस्तिका निघाली.

डेम्लो संख्येमागील मूळ कल्पना सोपी आहे. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करावेत. डावा आणि उजवा यांची बेरीज केली असता मधल्या भागात असलेला अंकच मिळावा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६ होतात. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७ होतात आणि मध्ये साताचीच रांग आहे. आपल्या सतरा अंकी संख्येस ही कसोटी लावून पाहा. मधला अंक ९. डावीकडील आठ अंक १२३४५६७८, उजवीकडील आठ अंक ८७६५४३२१. दोहोंची बेरीज ९९९९९९९९. मध्ये जो नऊ उभा आहे, त्याचीच आठ वेळा पुनरावृत्ती झाली.

कापरेकरांचे नाव जगात अधिक गाजले ते ६१७४ या संख्येमुळे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ४३२१ − १२३४ = ३०८७. नंतर ८७३० − ०३७८ = ८३५२. नंतर ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ वर ही कृती केली तरी उत्तर ६१७४ च येते. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे येऊन स्थिरावते. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला.

त्यांच्या हयातीत देशातील अनेक गणितज्ञांना हे संशोधन क्षुल्लक वाटले. त्यांचे पुष्कळसे लेखन अल्पपरिचित नियतकालिकांतून आणि स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगभरच्या वाचकांना त्यांचे नाव कळले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते आणि शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

कापरेकरांच्या कसोट्या आपल्या संख्येवर

कापरेकरांनी संख्यांचे आणखी काही प्रकार शोधून त्यांना नावे दिली. त्यांपैकी तीन कसोट्या आपल्या संख्येला लावून पाहू.

पहिली कसोटी हर्षद संख्येची. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला त्यांनी 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. ८१ ने भाग दिला असता भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि बाकी काही उरत नाही. म्हणून ती हर्षद आहे. कारण असे : १११११११११ च्या अंकांची बेरीज ९ असल्यामुळे तिला ९ ने भाग जातो, आणि म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने भाग गेलाच पाहिजे. शिडीवरील सर्व संख्या मात्र हर्षद नाहीत. १२१ च्या अंकांची बेरीज ४ आहे आणि १२१ ला ४ ने भाग जात नाही. नऊ पायऱ्यांपैकी पहिली, तिसरी आणि नववी याच हर्षद आहेत.

दुसरी कसोटी कापरेकर संख्येची. ४५ चा वर्ग २०२५ होतो. त्याचे दोन भाग करून मिळविले, तर २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ज्या संख्येचा वर्ग असा दोन तुकड्यांत विभागून मिळविला असता मूळ संख्या परत येते, तिला आज जग 'कापरेकर संख्या' म्हणते. आपली संख्या येथे अप्रत्यक्षपणे येते. तिला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, गुणले असता ९९९९९९९९८००००००००१ ही संख्या मिळते. हा ९९९९९९९९९ चा वर्ग आहे, कारण १११११११११ ची नऊपट म्हणजे नऊ वेळा नऊ. आता या अठरा अंकांचे दोन समान भाग करा : ९९९९९९९९८ आणि ००००००००१. बेरीज ९९९९९९९९९. म्हणजे आपल्या संख्येच्या ८१ पटीच्या पोटात एक कापरेकर संख्या आहे. 'लीलावती'तील अठरा स्थानेही येथे परार्धापर्यंत पूर्ण भरतात.

तिसरी कसोटी जनक शोधण्याची. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. १५ मध्ये १ + ५ = ६ मिळविले की २१ होतात. तेव्हा १५ ही २१ ची जनक झाली. २० ला मात्र असा कोणीही जनक नाही. अशा जनकहीन संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावाच्या नावावरून 'देवळाली संख्या' म्हटले. आपल्या सतरा अंकी संख्येस जनक आहे काय? तिच्यातून ८१ वजा करा. १२३४५६७८९८७६५४२४० ही संख्या मिळते. तिच्या अंकांची बेरीज करा, ती ८१ च येते. म्हणजे या संख्येत ८१ मिळविले की आपली संख्या जन्मास येते. शक्य असलेल्या इतर सर्व बेरजा तपासून पाहिल्या असता दुसरा जनक सापडत नाही. तेव्हा ती देवळाली संख्या नाही, आणि तिचा जनक एकच आहे.

कारण आणि योगायोग

आता एका सावधगिरीविषयी लिहिणे आवश्यक आहे. मोठ्या संख्येत इतक्या गोष्टी जुळून येताना पाहिल्या की मन भारावते, आणि भारावलेल्या मनास संख्येत काही गूढ शक्ती आहे असे वाटू लागते. शुभ अंक, अशुभ अंक, नावातील अक्षरांचे अंक, वाहनाच्या क्रमांकाची बेरीज, यांवर व्यवसाय करणारे लोक आपल्या शहरातही आहेत. ज्या घरात मुलाच्या शाळेच्या वह्यांसाठी पैसे मोजून ठेवावे लागतात, त्या घरातूनही शुभांकासाठी पैसे जातात. म्हणून कोणती गोष्ट कारणाने घडली आणि कोणती योगायोगाने, हे ओळखण्यास मुलांना शिकविले पाहिजे.

उदाहरण आपल्याच संख्येचे घेऊ. तिचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा मिळतो. या अवयवांवरून तिचे विभाजक मोजता येतात. तीनचा अवयव पाच प्रकारांनी घेता येतो (एकदाही नाही, एकदा, दोनदा, तीनदा, चारदा), ३७ तीन प्रकारांनी आणि ३३३६६७ तीन प्रकारांनी. म्हणून ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. विभाजकांची संख्या विषम आहे, यामागे कारण आहे : वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषमच असतात. परंतु १ पासून ९ पर्यंतच्या अंकांची बेरीजही ४५ आहे आणि ४५ ही कापरेकर संख्याही आहे. या जुळणीमागे कोणतेही कारण नाही. तो निव्वळ योगायोग आहे. अंकांची बेरीज ८१ येते, हे आपण रकाने मोजून सिद्ध केले. विभाजक ४५ आणि अंकांची बेरीज ४५ यांना जोडणारा असा कोणताही रकाना दाखविता येत नाही. जेथे दुवा दाखविता येतो तेथे गणित आहे. जेथे तो दाखविता येत नाही, तेथे मौज वाटावी, पण विश्वास ठेवू नये.

लेण्यातील अंक आणि आपली लेखनपद्धती

आता इतिहासाकडे वळू. आपल्या संख्येचे दोन प्रकारचे गुण आपण पाहिले. तिचे अवयव आणि विभाजक हे संख्येचे स्वतःचे गुण आहेत. ती कोणत्याही लिपीत आणि कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी ते बदलणार नाहीत. परंतु चढती-उतरती नक्षी हा लेखनपद्धतीचा गुण आहे. अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरते आणि दर घराला दहापट वाढ होते, म्हणूनच ती नक्षी दिसते.

ही पद्धती सदैव नव्हती. देवळालीपासून फार दूर नसलेल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या लेण्यामध्ये, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, अशी त्यात नोंद आहे. त्यांपैकी २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. हिशोब करून पाहावा : २००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे २४०. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशोब एका कार्षापणानेही चुकलेला नाही. विणकरांच्या श्रेणी त्या काळी अशा ठेवी सांभाळीत आणि त्यांवर व्याज देत, ही गोष्ट विणकरांच्या सोलापुरात विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मात्र या लेखातील अंकलेखनात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत आणि ती जोडून रक्कम लिहिली आहे. त्या पद्धतीने हिशोब अचूक ठेवता येत होता, पण सतरा अंकी संख्या लिहिण्यासाठी प्रत्येक नव्या स्थानाला नवे चिन्ह लागले असते. १२३४५६७८९८७६५४३२१ ची नक्षी त्या लेखनात उमटली नसती. पुढे भारतात स्थानमूल्य आणि शून्य यांवर आधारलेली पद्धती रूढ झाली. ती अरबांच्या मार्फत युरोपात गेली आणि जगभर पसरली. दहा चिन्हे शिकलेल्या कोणत्याही मुलास मनात येईल तेवढी मोठी संख्या लिहिता येऊ लागली.

मुलांसोबत करून पाहावे

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी सुटीत मुलांना घेऊन पुढील उदाहरणे अवश्य सोडवावीत. कागद आणि पेन्सिल याखेरीज काहीही लागत नाही.

१. १११११ चा वर्ग रकाने मांडून काढावा. उत्तरातील अंकांची बेरीज किती येणार, हे आधी सांगावे आणि मग पडताळावे.

२. १२३४५६७९ या संख्येस ९ ने गुणावे. (या संख्येत आठ नाही, हे ध्यानात घ्यावे.) त्यानंतर १८, २७, ६३ यांनी गुणावे. असे का होते, याचे कारण मुलांकडून काढून घ्यावे.

३. १ ला ८१ ने भागावे आणि दशांश चिन्हापुढील अंक लिहीत जावे. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असे अंक मिळतील. येथेही आठ गाळला जातो. दहा एकांच्या वर्गात आठ ज्या कारणाने नाहीसा झाला, तेच कारण येथेही आहे. ते मुलांना शोधू द्यावे.

४. १ ते १०० मधील हर्षद संख्यांची यादी करावी. आपले वय त्या यादीत आहे का, ते पाहावे.

५. ज्यांना जनक नाही अशा शंभरच्या आतील संख्या शोधाव्यात. अशा तेरा संख्या आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. नवानंतर एकदम वीस का येतात आणि पुढे अकरा-अकराचे अंतर का पडते, याचा विचार करावा.

शेवटी एक विनंती

आपल्या शाळेत येणारी अनेक मुले घरातील पहिली किंवा दुसरी शिकणारी पिढी आहेत. 'आमच्या घराण्यात गणित नाही' हे वाक्य प्रवेशाच्या दिवशी पालकांकडून अनेकदा ऐकावयास मिळते. प्रत्यक्षात त्यांच्या घरी गणित आहेच. हजार विड्यांची मजुरी, मागावरील पाळीचा हिशोब, बचत गटाचे व्याज, हे सारे आई-वडील तोंडी करीत असतात. मुलांना उणीव भासते ती निवांत वेळेची आणि 'असे का?' या प्रश्नास उत्तर देणाऱ्या माणसाची. शिकवणीचे शुल्क परवडणाऱ्या घरांत ती उणीव पैशाने भरून काढता येते. आपल्या मुलांसाठी ती शाळेने आणि समाजाने भरून काढावयाची आहे.

देवळालीच्या शिक्षकाजवळ प्रयोगशाळा नव्हती, संगणक नव्हता, विद्यापीठातील आसन नव्हते. मुलांना शिकवीत असताना जो अंक समोर येईल, त्याला प्रश्न विचारण्याची सवय होती. तेवढ्या सवयीवर त्यांचे नाव गणितात कायम झाले. ती सवय आपल्या वसतिगृहातील मुलांना लागावी, अशी इच्छा आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती की, देणगी अवश्य द्यावी, पण महिन्यातील एखादी संध्याकाळही द्यावी. वसतिगृहाच्या व्हरांड्यात मुलांसोबत बसावे, फळ्यावर नऊ वेळा एक लिहावा, आणि गुणाकार मुलांनाच करू द्यावा.